काचेच्या टाकीतले रंग : संकरित आणि रंगवलेले शोभिवंत मासे

शोभिवंत माशाच्या अंगावरचा रंग चार वाटांनी येतो. तो वंशातून येतो, खाण्यातून येतो, प्रयोगशाळेत घातलेल्या परक्या जनुकातून येतो, किंवा सुईने अंगात भरला जातो. पहिल्या तीन वाटांनी आलेला रंग माशाचे शरीर स्वतः धरून ठेवते. चौथ्या वाटेचा रंग शरीराला परका असतो आणि काही महिन्यांत शरीर तो टाकून देते. दुकानातल्या टाक्यांत मात्र या चारही प्रकारचे मासे शेजारी शेजारी पोहत असतात, आणि बीड तालुक्यातल्या चौसाळ्यासारख्या, सोलापूर-धुळे महामार्गावरच्या बाजारगावातून टाकी घ्यायला निघालेल्या माणसाला त्यांतला फरक कोणी सांगत नाही. संकरित मासे आणि रंगवलेले मासे हे दोन विषय नेहमी एकत्र बोलले जातात. ते एकमेकांना चिकटलेले आहेत हे खरे, पण एक नाहीत. त्यांची गल्लत झाली की संकर करणारा विनाकारण बदनाम होतो आणि सुई चालवणारा सुटतो.

माशाचा नैसर्गिक रंग त्वचेतल्या रंगपेशींचा असतो. काळ्या रंगद्रव्याच्या पेशी वेगळ्या, पिवळ्या-तांबड्या वेगळ्या. निळी आणि चंदेरी झाक तर बहुतेक वेळा रंगद्रव्याची नसतेच. पेशींतल्या सूक्ष्म स्फटिकांच्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची ती किमया असते. काळे रंगद्रव्य मासा स्वतः तयार करतो. पिवळा, नारिंगी आणि तांबडा रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मात्र त्याला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. म्हणून नुसत्या कोंड्यावर वाढवलेला गोल्डफिश फिका पडतो. स्पिरुलिना शेवाळ किंवा झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी खाद्यात मिसळली की त्याचा रंग खुलतो. झेंडूच्या पाकळ्यांवरचे असे प्रयोग भारतीय मत्स्यशास्त्रज्ञांनीही केले आहेत. दसऱ्यानंतर मराठवाड्यात उकिरड्यावर जाणाऱ्या झेंडूचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल. खाद्यातून रंग खुलवण्यात गैर काही नाही. गैर सुरू होते ते संप्रेरके चारण्यापासून. गप्पी आणि सिक्लिड कुळातल्या माशांच्या लहान पिल्लांना किंवा माद्यांना मिथाइल टेस्टोस्टेरॉन दिले की त्यांच्यावर प्रौढ नराचे रंग अकाली चढतात. असे मासे पुढे अनेकदा वांझ निघतात आणि औषध थांबल्यावर रंगही उतरतो.

वंशातून येणाऱ्या रंगाची गोष्ट सर्वांत जुनी आहे. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी करड्या कार्पवर्गीय माशांतून सोनेरी पिल्ले निवडून वाढवत गोल्डफिश घडला. जपानमधल्या निगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून रंगीत कोई निवडले. यांत संकर नाही, एकाच जातीतली पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आहे. मराठवाड्यातल्या खेड्यांना या निवडीचे उदाहरण ठाऊक आहे, फक्त तसे ओळखीचे नाही. हिवताप विभागाचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत आणि विहिरींत जे गप्पी मासे सोडतात, ते आणि दुकानातले पंख्यासारख्या शेपटीचे महागडे गप्पी एकाच जातीचे. मूळचा हा मासा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला. त्याच्या नराच्या अंगावर रानातही ठिपके असतात, माणसाने ते फक्त ताणून मोठे केले.

संकर म्हणजे दोन वेगळ्या जातींचे मीलन. शोभिवंत माशांच्या व्यवसायात तो इतका मुरला आहे की ओळखूही येत नाही. स्वोर्डटेल आणि प्लॅटी या मध्य अमेरिकेतल्या दोन जाती. दुकानात या नावांनी मिळणारे बहुतेक मासे म्हणजे त्या दोघांच्या जुन्या संकरांची संतती. लाल स्वोर्डटेलचा भडक लाल रंग प्लॅटीकडून आला. या संकराने विज्ञानालाही एक अनपेक्षित गोष्ट दिली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मायरन गॉर्डन आणि कुर्ट कॉसविग यांच्या अभ्यासांतून दिसले, की काळे ठिपके असलेल्या प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर करून त्या संततीचा पुन्हा स्वोर्डटेलशी संकर केला की काही पिल्लांच्या ठिपक्यांचा कर्करोग होतो. प्लॅटीमध्ये ठिपक्यांचे जनुक आणि त्याला आवर घालणारे जनुक बरोबर नांदतात. संकरात ही जोडी फुटते आणि आवर सुटतो. त्वचेच्या कर्करोगाच्या अनुवंशशास्त्राचा एक पाया या हौशी माशांच्या टाकीत घातला गेला.

पुढचे दोन संकर मात्र केवळ बाजारासाठी घडले. ब्लड पॅरट हा नारिंगी, गोलमटोल मासा १९८० च्या दशकात तैवानमध्ये तयार झाला. त्याचे आईबाप कोण हे उत्पादकांनी उघड केले नाही. मिडास सिक्लिड आणि रेडहेड सिक्लिड अशी जोडी सर्वसाधारणपणे मानली जाते. या माशाचे तोंड उभ्या चिरेसारखे असते आणि पूर्ण मिटत नाही. त्यामुळे तो घास जबड्याने नीट पकडू शकत नाही, घशातल्या दातांनी चिरडतो. पाठीचा कणा आखूड आणि वाकडा असतो. माद्या अंडी घालतात, पण नर बहुतांशी वांझ. गुबगुबीत रूप म्हणून जे विकले जाते ते शरीराचे व्यंग आहे, आणि गिऱ्हाइकाला तेच गोंडस वाटते.

फ्लॉवरहॉर्न त्यानंतरचा. १९९० च्या दशकात मलेशियात अनेक मध्य अमेरिकी सिक्लिड जाती एकमेकांत मिसळून तो घडवला गेला. कपाळावरचा फुगीर उंचवटा आणि कुशीवरची काळी, चिनी अक्षरांसारखी दिसणारी नक्षी या दोन खुणांवर त्याची किंमत ठरते. २००० नंतरच्या काही वर्षांत पूर्व आशियात त्याचे वेड पसरले. भारतात तो आला तोच भरभराट आणणारा मासा म्हणून, वास्तुशास्त्राच्या सल्ल्यांच्या आणि फेंगशुईच्या दुकानांच्या वाटेने. उंचवट्यात लक्ष्मी नसते, चरबी आणि द्रव असतो. नरांमध्ये तो प्रजननाशी जोडलेले लक्षण आहे. फ्लॉवरहॉर्न तापट असतो. त्याच्या टाकीत दुसरा मासा सहसा टिकत नाही, म्हणून तो बहुधा एकटाच ठेवावा लागतो. ऐटीत फिरणारा हा मासा पाळणाऱ्याचे बोट टाकीबाहेरूनही ओळखतो. त्याला चाहते मिळाले यात नवल नाही.

संकर ही मुळात वाईट गोष्ट नव्हे, हे येथे सांगावे लागते, कारण रंगवलेल्या माशांविषयी लिहिताना अनेक जण संकराला त्याच पिंजऱ्यात उभे करतात. भारतातली मत्स्यशेती माणसाने घडवलेल्या प्रजननावरच उभी आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख भारतीय कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि त्या दिवशी आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो. त्या तंत्रानंतर कटला आणि रोहू यांचे संकरही सहज होऊ लागले. राज्याराज्यांतल्या धरणांत सोडल्या जाणाऱ्या मत्स्यबीजात असा संकर नकळत मिसळतो, ही मत्स्यशास्त्रज्ञांची खरी चिंता आहे. पण ती मूळ वाणाच्या शुद्धतेची चिंता आहे, क्रौर्याची नाही. ब्लड पॅरटविषयीचा आक्षेप संकरावर नाही. ज्या शरीराला नीट खाता येत नाही असे शरीर जाणूनबुजून पुन्हा पुन्हा जन्माला घालण्यावर तो आहे, आणि त्यावर वाद होऊ शकतो. सुईवर वाद होण्याजोगे काही उरत नाही.

सुईची गोष्ट मांजरेच्या पाण्यापर्यंत येऊन पोचते. मांजरा नदी बीड जिल्ह्यातच, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. चौसाळ्याचा परिसर तिच्याच खोऱ्याच्या कडेचा आणि ही नदी पुढे गोदावरीला मिळते. गोदावरी खोऱ्यातल्या नद्या-तलावांच्या मत्स्यनोंदींत एक लहान, चपटा, पारदर्शक मासा नेहमी आढळतो. शास्त्रीय नाव पराम्बॅसिस रंगा. शरीर इतके पारदर्शक की पाठीचा कणा आणि आतड्याची चंदेरी पिशवी बाहेरून दिसते. लांबी फार तर सात-आठ सेंटिमीटर. जाळ्यात आला तर त्याला वेगळा भाव नसतो, तो बारीक मासळीच्या ढिगात जातो. जगभरच्या हौशी लोकांना तो काचमासा म्हणून ठाऊक आहे. पारदर्शकता हाच त्याचा एकमेव दागिना, आणि तीच त्याला नडली.

१९८० च्या दशकापासून हा मासा आग्नेय आणि पूर्व आशियातून रंगीत पट्ट्यांसह पाश्चात्त्य बाजारात येऊ लागला. पाठीच्या आणि पोटाच्या कडेने गुलाबी, हिरव्या, निळ्या, पिवळ्या चमकत्या रेषा, मधला भाग पारदर्शक. विक्रेते ती वेगळी जात असल्याचे सांगत. प्रत्यक्षात प्रत्येक मासा हातात धरून, त्याच्या अंगात अनेक ठिकाणी सुई खुपसून चमकता रंग भरलेला असे. चार-पाच सेंटिमीटरच्या देहात शिरणारी ती सुई म्हणजे माणसाच्या अंगात शिरलेले दाभणच. किती मासे या कामात मरतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि ठेवायला व्यापाऱ्याला कारणही नाही.

रंगवण्याच्या इतरही रीती आहेत. एका रीतीत मासा आधी दाहक द्रावणात बुडवून अंगावरचा बुळबुळीत थर उतरवतात, मग रंगाच्या पाण्यात ठेवतात आणि शेवटी थर पुन्हा धरावा म्हणून दुसऱ्या द्रावणात टाकतात. व्हाइट स्कर्ट टेट्रा, पांढरे कोरिडोरास, टिनफॉइल बार्ब असे फिके मासे या कामासाठी निवडले जातात, कारण रंग उठून दिसायला पार्श्वभूमी फिकी लागते. भारतातल्या दुकानांत ‘कलर विडो’ म्हणून विकले जाणारे गुलाबी-निळे टेट्रा या वर्गातले असू शकतात. ब्लड पॅरटवर तर सगळेच प्रयोग झाले. रंगाची इंजेक्शने, लेझरने अंगावर काढलेली नक्षी आणि अक्षरे, आणि हृदयाच्या आकारासाठी लहानपणीच छाटलेली शेपटी. आधीच व्यंग घेऊन जन्मलेल्या माशाला बाजाराने दुसऱ्यांदा गाठले. संकर आणि रंगकाम हे दोन विषय खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते याच एका माशाच्या अंगावर.

इजा नेमकी कशी होते हे समजायला गोड्या पाण्यातल्या माशाचे शरीर समजून घ्यावे लागते. त्याच्या रक्तातले क्षार भोवतीच्या पाण्यापेक्षा जास्त असतात, म्हणून पाणी सतत आत शिरू पाहते आणि मूत्रपिंडे ते अखंड बाहेर टाकत असतात. त्वचा आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर हा या झगड्यातला बांध. सुईचे प्रत्येक छिद्र आणि उतरवलेला प्रत्येक थर म्हणजे त्या बांधाला पडलेले खिंडार. पाणी आत येते, त्याच्याबरोबर जिवाणू आणि बुरशी येते, आणि एका माशाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात फिरलेली सुई रोगही फिरवते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या एका पाहणीत रंगवलेल्या काचमाशांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांना लिंफोसिस्टिस हा विषाणूजन्य रोग आढळला. न रंगवलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. त्याच काळात तिथल्या प्रॅक्टिकल फिशकीपिंग मासिकाने रंगवलेले मासे न विकण्याची मोहीम चालवली आणि अनेक दुकानदारांनी तशी हमी दिली. माशाला वेदना कळते का, ही शंकाही आता जुनी झाली. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या चेहऱ्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले आणि इजेनंतर त्याचे वागणे बदलते हेही नोंदवले.

इतके करून हाती काय येते? रंग काही महिन्यांत उतरतो. काचमासा पुन्हा पारदर्शक होतो किंवा तोवर मेलेला असतो. पिल्ले झालीच तर ती अर्थात बिनरंगी.

चमकणाऱ्या माशांचा आणखी एक वर्ग आहे आणि त्याला रंगवलेले समजण्याची चूक सर्रास होते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९९९ च्या सुमारास झेब्रा माशाच्या अंड्यात जेलीफिशचे चमक देणारे जनुक घालण्यात आले. प्रदूषण झाले की चमकून सूचना देणारा मासा बनवणे हा मूळ हेतू होता. बाजार त्याच्या पुढे धावला आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेत ग्लोफिश नावाने हा मासा विकायला आला. यात सुई नाही, जखम नाही. रंग माशाच्या स्वतःच्या पेशींतून येतो, आयुष्यभर टिकतो आणि पिल्लांत उतरतो. प्रश्न वेगळा आहे, परक्या जनुकाचा प्राणी मोकळ्या पाण्यात गेला तर काय, हा. युरोपीय संघात त्याच्या विक्रीला परवानगी नाही. ब्राझीलमधल्या ओढ्यांत निसटलेले ग्लोफिश प्रजनन करत असल्याची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात जनुक बदललेल्या प्राण्याची आयात किंवा विक्री १९८९ च्या नियमांखाली केंद्रीय समितीच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. झेब्रा मासाही आपल्याच उपखंडातला, आणि त्याचे व काचमाशाचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्या गंगेच्या माशांवरील १८२२ च्या एकाच ग्रंथात आहे. एकाच्या अंगात सुई गेली, दुसऱ्याच्या अंड्यात जनुक.

महाराष्ट्रात शोभिवंत माशांचा मोठा बाजार मुंबईत आहे. क्रॉफर्ड मार्केटची दुकाने आणि कुर्ल्याचा रविवारचा बाजार हौशी लोकांना ठाऊक असतो. माल मुख्यतः चेन्नईतल्या कोळत्तूरहून, कोलकात्याहून आणि परदेशातून येतो. प्राणवायू भरलेल्या पिशव्या, थर्मोकोलची खोकी आणि रात्रीच्या गाड्या या साखळीने तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचतो. साखळी जितकी लांब, तितकी माशाची जन्मकथा धूसर होत जाते. शेवटच्या दुकानदाराला पुष्कळदा खरोखरच माहीत नसते की समोरचा निळा मासा जन्मतः निळा आहे की केलेला.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात या हौसेला पाण्याचीही अट आहे. बेसॉल्ट खडकातले बोअरचे पाणी जड असते. मोली, प्लॅटी, गप्पी यांना ते मानवते. निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्याच्या माशांना मानवत नाही, आणि ते मरतात तेव्हा दोष खाद्याला दिला जातो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात वीज गेली की हवेचा पंप थांबतो. सुईने आधीच दुबळा झालेला मासा अशा वेळी सर्वांत आधी जातो. उलट, याच जड पाण्यात मोली-गप्पींचे प्रजनन चांगले होऊ शकते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यसंवर्धनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरला असून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. प्रजनन करणाऱ्याचे भांडवल म्हणजे वंश. चांगल्या जोडीतून चांगली पिल्ले निघतात, आणि हे भांडवल सुईने रंगवलेल्या माशाने मोडीत निघते, कारण गिऱ्हाईक एकदा फसले की पुढच्या अस्सल रंगावरही विश्वास ठेवत नाही.

संकरित मासा कंटाळा आला म्हणून तलावात सोडणे ही वेगळी आपत्ती आहे. तिलापियाने, म्हणजे मच्छीमारांच्या चिलापीने, उजनीच्या जलाशयात काय केले हे तिथल्या लोकांना सांगावे लागत नाही. फ्लॉवरहॉर्न त्याच सिक्लिड कुळातला, त्याहून आक्रमक, आणि अनेकदा प्रजननक्षम. मलेशिया आणि सिंगापूरच्या पाण्यांत तो रुजला आहे. मांजरेत त्याला शत्रू कमी आणि खायला बारीक मासळी भरपूर मिळेल. त्या बारीक मासळीत काचमासाही आहे.

कायद्याची बाजू तोकडी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा ‘प्राणी’ या शब्दात माणूस सोडून सर्व सजीव प्राणी धरतो, म्हणजे मासाही. अपायकारक पदार्थ देणे आणि अवयव छाटणे हे कलम ११ खाली गुन्हे आहेत. पण कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड १० ते ५० रुपये, एका ब्लड पॅरटच्या किमतीहूनही कमी. मत्स्यालयाच्या दुकानांसाठी केंद्राने मे २०१७ मध्ये स्वतंत्र नियम काढले होते. व्यापाऱ्यांनी आणि मत्स्यपालकांनी विरोध केला आणि ते मागे घेतले गेले.

त्यामुळे पारख गिऱ्हाइकालाच करावी लागते. एकाच जातीचे मासे एकाच टाकीत गुलाबी, निळे, जांभळे आणि हिरवे दिसले तर संशय घ्यावा. रंग ठिपक्याठिपक्यांनी किंवा रेषेने बसलेला असेल, दोन्ही कुशींवर सारखा नसेल, पंखांपर्यंत पोचत नसेल, तर तो बहुधा भरलेला आहे. जांभळ्या दिव्याखाली सबंध अंग एकसारखे उजळले तर तो बहुधा जनुक बदललेला मासा. आणि हे काहीच जमले नाही तर दुकानदाराला एक प्रश्न विचारावा: या माशाची पिल्ले कोणत्या रंगाची निघतात? अस्सल वाणाचा विक्रेता पटकन उत्तर देईल, ब्लड पॅरटसारख्या वांझ संकराचा विक्रेता पिल्ले होत नाहीत असे म्हणेल. उत्तरच आले नाही तर मासा घेऊ नये आणि का घेतला नाही तेही दुकानदाराला सांगावे.